सात गतिरोधक आणि दोन बरण्या

“काका, आपल्या गावात डोंगर कुठंय?”

हा प्रश्न विचारायची छकुलीची छाती होणार नाही, यावर तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. दोघी दुकानाच्या काचेला नाक लावून बाहेर उभ्या होत्या. छकुलीनं विचारलं. सायकलवाल्या काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांच्यामागच्या भिंतीवर चौतीस माउंटन बाइक टांगलेल्या होत्या. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिलाही शिडी आहे.

“डोंगर तुझा तू बघ,” काका म्हणाले. “सायकल मी देतो.”

उत्तर चोख होतं. माणूस डोंगराची तयारी सपाटीवरच करतो. डोंगरावर राहणाऱ्याला तयारीला वेळ नसतो, त्याला दूध आणायला जायचं असतं.

छकुलीला (वय पंधरा, उंची आईपेक्षा दोन बोटं जास्त, नाव बदलण्याचा अर्ज घरात दोनदा फेटाळलेला) सायकल हवी होती ती एकाच कारणासाठी. रोज सकाळी बाबा तिला स्कूटरवरून शाळेत सोडत आणि फाटकाशी, सगळ्या वर्गादेखत, “छकुले, रुमाल घेतलास ना गं?” असं विचारत. यावर आईबाबांनी मोठ्या मनानं तोडगा काढला होता: योग्य सायकल ठरली की तिनं एकटीनं जावं. ‘योग्य’ या शब्दाकडे तेव्हा तिचं लक्ष गेलं नाही. लहान होती. चौदाची.

तर सायकली तीन प्रकारच्या. पहिली रिजिड: हिला कुठंच स्प्रिंग नसते, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा मालकाला जसाच्या तसा पोचवला जातो, मध्ये कुणी खात नाही. दुसरी हार्डटेल: पुढं स्प्रिंग, मागं ठणठणाट, मनगटं मजेत आणि बूड वाऱ्यावर. तिसरी फुल सस्पेन्शन: पुढं-मागं दोन्हीकडं स्प्रिंगा, म्हणजे खड्डाही कळत नाही आणि आपण पायडल मारतोय हेही सायकलला नीट कळत नाही, कारण निम्मा जोर स्प्रिंगच पिऊन टाकते.

सामान्य घरात इथं एखादी घेऊन मोकळे झाले असते. पण बाबा काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तपासनीस. बरणी फुटेपर्यंत ती चांगली आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आई हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला रस्त्यानं जाणारा माणूस दिसत नाही, तडे दिसतात.

“कमरेचे मणके पाचच असतात,” ती म्हणाली. “सायकली काय, पन्नास मिळतील.”

बाबांनी पद्धत ठरवली. घर ते शाळा सात गतिरोधक. एक लिटरच्या दोन बरण्या, काठोकाठ पाणी, झाकण नाही. एक हँडलला बांधायची, एक सीटमागं. शाळेशी पोचल्यावर उरलेलं पाणी मापायचं. सायकलवाल्या काकांनी स्कूटर गहाण ठेवून घेत तीन रविवारी तीन सायकली दिल्या, त्यामुळे बाबांना मोजपात्र घेऊन मागून पळावं लागलं. (बाबांचं वजन या काळात चार किलोनं घटलं. हा निष्कर्ष अहवालाच्या कक्षेबाहेर धरला आहे.)

आकडे असे आले. रिजिड: सांडलेलं पाणी दोन्ही बरण्यांतून प्रत्येकी साडेतीनशे मिली. हार्डटेल: पुढच्या बरणीतून शंभर, मागच्या बरणीतून साडेतीनशे, आणि बाबांचा एक बूट ओला. फुल सस्पेन्शन: दोन्हीकडून प्रत्येकी एकशे तीस, मात्र पोचायला सहा मिनिटं जास्त; त्यात एक मिनिट बाबांनी धाप लागल्यामुळे घेतलं.

पण तुलना कशाशी? मापदंड हवा. म्हणून जिन्याखालून आईची कॉलेजातली सायकल काढली, हवा भरली. तिलाही स्प्रिंग नव्हती, पण त्या काळी तिला रिजिड म्हणत नसत, सायकल म्हणत. शास्त्रासाठी छकुलीनं ती रोज शाळेला न्यायची, बरण्यांसकट. पहिले चार दिवस बाबा स्कूटरवरून मागं आले. पाचव्या दिवशी कारखान्यात तपासायला बरण्यांची मोठी खेप आली आणि ते म्हणाले, “तूच लिही गं आकडे. खोटं लिहू नकोस.”

तिनं खरं लिहिलं. पहिला आठवडा साडेतीनशे. तिसरा आठवडा दोनशे. पाचव्यात नव्वद. गतिरोधक आला की ती सीटवरून उठायची, गुडघे सैल सोडायची, आणि सायकल तिच्याखालून मांजरासारखी निघून जायची. बाबांनी समासात नोंद केली: ‘घट अनाकलनीय. बरणी बदलून पाहावी.’ तीन बरण्या बदलल्या.

“गुडघे आहेत ते, बाबा.”

“गुडघ्यांची वॉरंटी कुठंय?” बाबा म्हणाले.

“नसतेच,” आई म्हणाली. ती रोजच बघते.

त्रेचाळीस पानांचा अहवाल रविवारी जेवणाच्या टेबलावर आला. शिफारस एकच: गतिरोधक हा खरा डोंगर नव्हे, सबब निर्णय तीन महिने पुढं ढकलावा आणि दरम्यान एखादा डोंगर शोधावा. आईनं त्यात बसण्याच्या हाडांचा एक्स-रे घालायला सुचवलं. कुणीही अविचार केला नाही. (वाचकांनीही एव्हाना तिन्हींतली एक मनाशी पक्की केली असेल, मित्राला सांगायची कारणंही जुळवली असतील. असे वाचक या टेबलावर अगदी शोभले असते.)

एवढंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की छकुली सव्वीस दिवस एकटीच शाळेत जात होती. सव्वीस दिवसांत फाटकाशी रुमालाची चौकशी झाली नव्हती. हे तिच्याही लक्षात आणून दिलं ते मैत्रिणींनी: “ए, तुझे बाबा गावाला गेलेत का?”

तिनं ताट बाजूला सारलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “अभ्यास चालू द्या. तीन महिने लागोत, तीन वर्षं लागोत, घाईत चूक नको व्हायला. मी मापदंडावरून शाळेत जाईन, तो काही आता तुम्हाला परत मिळणार नाही. आणि नवीन सायकल आणलीत तर ती कुठं ठेवायची ते मात्र आत्ताच ठरवा. जिन्याखाली जागा नाही. मी मोजून आलेय. तिथं आपली सोडून इमारतीतल्या अकरा सायकली आहेत, तीन रिजिड, सहा हार्डटेल, दोन फुल सस्पेन्शन, सगळ्या पूर्ण विचारांती घेतलेल्या, आणि एकीच्याही टायरमध्ये हवा नाही.”