कुंकवाखालचा नंबर

सूतगिरणीच्या हिशेब खात्यात माझी सगळी नोकरी झाली. माझ्या टेबलावरून अर्धवट कागद कधी पुढे सरकला नाही. त्यामुळे कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पडद्यावर चौकट आणून ‘सक्रिय करा’ म्हणू लागला, तेव्हा मी मनात म्हटलं, बाळा, तुझ्यासारखे तगादेवाले मी चहा पाजून परत पाठवलेत. उद्या तुझा निकाल लावते!

कॉम्प्युटर माझ्या लेकीचा, उर्वीचा. ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तो विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळ राहिला. मध्ये बंद पडला, दुरुस्तीवाल्याने आतलं सगळं नव्याने भरून दिलं, तेव्हापासून ही चौकट. खरं सांगू? दिवसभरात मला काही विचारणारं घरात तेवढंच होतं. पण म्हणून काय रोज दारात उभं राहायचं?

उर्वीला फोन लावला.

“आई, कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे स्टिकर आहे. त्यावरचा नंबर टाक, संपलं. मी मीटिंगमध्ये आहे.”

डबा वळवला, तर स्टिकरवर ठसठशीत स्वस्तिक! दसऱ्याला विळी, मिक्सर आणि शिलाई मशीनच्या पंगतीत मी यालाही बसवलं होतं. पांढरी सपाट जागा मागेच सापडली, म्हणून तिथे तेलात कालवलेल्या कुंकवाने बोट फिरवलं. आता अर्धा नंबर देवाच्या ताब्यात होता.

समोरच्या दारातले मानसिंगराव मूळचे करमाळ्याचे, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते दार उघडं टाकून पेपर वाचतात, म्हणजे जिन्यावरून जाणारा कुणीतरी अडकतो. त्या दिवशी मी आपणहून अडकले. ते भिंग घेऊन आले आणि डब्यामागे उकिडवे बसले.

“काही वाचता येतंय का?” मी विचारलं.

“वाचतोय कुटं, वैनी. दर्शन घेतोय.”

अंदाजाने नंबर टाकला. चौकट म्हणाली, चूक. दुसरा अंदाज केला. तोही चूक. आवाज ऐकून खालच्या सोजरबाई वर आल्या. त्यांचा मुलगा पुण्यात, आणि त्यांच्याकडे प्रत्येक डागावर औषध.

“खोबरेल लावा की. कुंकू आपसूक सुटतंय.”

कुंकू सुटलं. सोबत दोन अक्षरंही सुटली. मानसिंगरावांनी रॉकेल आणून जोर लावला, तसा उरलेला नंबर फडक्यावर आला.

“देवाचं पुसलं की असंच व्हतंय,” सोजरबाई म्हणाल्या.

“त्याल कुनी आणलं?”

“आणलं मी. चोळायला मी सांगितलं व्हतं का?”

भांडण अर्ध्यावर राहिलं, म्हणून दोघं दुसऱ्या दिवशी आले. मग रोजच. चौकट उगवायची, दोघं यायचे, पुसट स्टिकरवरून एखादं अक्षर ठरायचं, ते चूक निघायचं आणि चहा व्हायचा. मग शेंगांची पोळी, करमाळ्याच्या बाजारातले किस्से, सोजरबाईंच्या सुनेचा स्वयंपाक. माणसांच्या सवयी टिपायची माझी जुनी खोड. ‘उठते आता’ म्हटलं की सोजरबाई मांडी ठोकतात, आणि मानसिंगराव आता दाढी करून येतात. मी स्वतः दुपारीच कणीक भिजवून ठेवायला लागले होते, तेही टिपलं.

एकदा दुपार कलताना उर्वीचा निरोप आला. “आई, सापडला. घेतानाच मी स्टिकरचा फोटो काढून ठेवला होता.” खाली स्वच्छ, कोरा करकरीत नंबर.

मी लगेच टाकायला बसले. शेवटचं अक्षर उरलं आणि बोट तिथेच थांबलं. तेवढ्यात बेल वाजली. मी टाकलेली अक्षरं पुसली, मोबाईल कणकेच्या डब्यात सारला आणि दार उघडलं.

मानसिंगराव. आज एकटेच, वेळेच्या आधी.

“वैनी, रागावू नका. त्याल लावायच्या आदी मी मोबाईलवर फोटो काढला व्हता. मोठा करून बघितला, तर कुंकवाखालचं बी समदं वाचाय येतंय.”

“कधी बघितला?”

“त्याच दिवशी.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

त्यांनी नजर चपलांवर ठेवली. “तुमी इचारलं न्हाय की.”

मी त्यांचा मोबाईल हातात घेतला. अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं.

“छे,” मी म्हटलं. “अंधुक आहे हो. भरवसा नाही.”

“तेच म्हनतो मी.” आणि ते घाईघाईने आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

सोजरबाई धापा टाकत आल्या. “निघाला का काय नंबर?”

“कुठला निघतोय,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

पडद्यावर चौकट उगवली. कॉम्प्युटरला कधी बोट न लावणाऱ्या सोजरबाईंनी पुढे होऊन ‘नंतर आठवण करून द्या’ बरोब्बर दाबलं आणि कपासाठी हात पुढे केला.

उर्वी विचारते, झालं का? मी सांगते, प्रयत्न चालू आहेत. मानसिंगरावांच्या नव्या टीव्हीमागेही असाच एक स्टिकर आहे. यंदा दसऱ्याला त्याची पूजा करा, असं मीच सुचवलंय.