झुंबरबाईच्या घरातली बैठक

बाजाराच्या दिवशी भरदुपारी झुंबरबाईच्या घराचं दार आतून बंद दिसलं, आणि शलमोन मास्तरांची पावलं जागच्या जागी थांबली. बहात्तर सालचा दुष्काळ. खडी फोडायच्या कामाला त्या दिवशी सुट्टी असायची आणि अख्खं गाव घोडेगावच्या बाजाराला जायचं. मग दाराबाहेर दानीएल गवंड्याच्या चुन्यानं माखलेल्या वहाणा काय करत होत्या?

येत्या रविवारी गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्या वडिलाची, म्हणजे कारभारी पुढाऱ्याची, निवड होती. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले मास्तर त्या मानाकडे दहा वर्षं डोळे लावून बसले होते. आधीचे वडील वारले तेव्हा मास्तर मनापासून रडले होते, पण रडता रडता कोण कमी रडतंय हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांच्या तोडीचा माणूस म्हणजे एकटा दानीएल. तो कुणाबद्दल कधी वाईट बोलत नसे, आणि अशा माणसावर मास्तरांचा काडीचा विश्वास नव्हता.

मास्तरांनी भिंतीला कान लावला. आत बरीच कुजबुज चालली होती. मधेच दानीएलचा आवाज स्पष्ट आला, "आपले शलमोन मास्तर..." आणि पाठोपाठ कुणाचा तरी हुंदका. लोकांना रडू यावं इतकी आपली बदनामी चालली आहे, याबद्दल मास्तरांना शंका उरली नाही.

संध्याकाळी मास्तरांच्या पत्नी एलिझाबेथबाई रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. "बाजारात नुसती आग लागलीया. कायबी घेववंना," त्या म्हणाल्या. साऱ्या गावावर पाळत ठेवणाऱ्या मास्तरांनी पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मंडळीत कट शिजतोय, एलिझाबेथ."

"कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला कान हायेत."

बाईंना जोराचा ठसका लागला आणि त्या चूल पेटवायला आत गेल्या.

रविवारी पाळकसाहेब सायकलवरून आले. उपदेश ख्रिस्तात वाढत जाण्यावर होता. दुधावरचं लेकरू जसं भाकरीला लागतं तसा विश्वासही मोठा व्हायला हवा, असं ते सांगत होते. मास्तर मान डोलवत दानीएलकडे रोखून बघत होते. उपदेशानंतर रिवाजाप्रमाणे पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय विचारले. आजारी सासू, आटलेली विहीर, असे विषय लोक सांगत. कुणाचं नाव घेऊन दोष काढायची पद्धत नव्हती. नाव न घेता मात्र काहीही देवाच्या कानावर घालता येई, आणि मास्तर त्यात मुरलेले होते.

"आपल्यातलं एक माणूस बंद दाराआड नको ते करतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याच्यासाठी प्रार्थना व्हावी."

मागून आसाराम उठला. "मीच त्यो. हिरीला पानी कुठं लागंल म्हनून देवरुश्याकडं गेल्तो. दार लावूनच इचारलं."

मास्तर चुळबुळले. तेवढ्यात राहीबाई रडत उभी राहिली. "मी बी! कामावरची सुकडी दोनदा घेतली अन् दार लावून एकलीनं खाल्ली!" तिच्यामागे आणखी तिघं उभे राहिले. पाळकसाहेबांचाही चेहरा जरा पडल्यासारखा झाला.

"बसा हो तुम्ही!" मास्तर ओरडले. "तुमचं नाही! मी झुंबरबाईच्या घरातल्या बैठकीचं म्हणतोय!"

बायकांच्या बाजूला एलिझाबेथबाई उठल्या. "ती बैठक मी चालू केली. आठ म्हैनं झालं. बाजाराचं निमित्त करून जाते. उपास धरतो, प्रार्थना करतो."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. तुमच्या मनातला संशय जावा म्हनून."

दानीएल ओशाळून म्हणाला, "वडील तुमीच व्हावं असं आमाला लई वाटतं, मास्तर. तेवढी एक गाठ सुटायची राहिलीया. तुमाला लागंल म्हनून सांगितलं न्हाई."

मास्तर खाली बसले. आपल्या नावानं कुणी आठ महिने उपाशी राहिलं, या विचारानं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खरीखुरी लाज वाटली. मग ते उठले.

"वडील दानीएललाच करा," ते म्हणाले. "मी अजून दुधावरच हाय."

झुंबरबाईनं मोठ्यानं देवाचे आभार मानले. मंडळीनं एकमतानं हात वर केले. त्यात मास्तरांचा हात सर्वांत उंच होता, आणि दानीएलच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी जाताना एलिझाबेथबाईंचा ऊर भरून आला होता. "खरंच मनापासून बोललात ना?"

"अगदी मनापासून." मास्तर चार पावलं पुढे गेले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण एक सांग. आठ महिने जी प्रार्थना फळाला आली नाही, ती नेमकी निवडीच्याच दिवशी कशी आली? दानीएलनं तर काही केलं नसंल?"

एलिझाबेथबाई तिथूनच वळल्या आणि झुंबरबाईच्या घराकडे चालू लागल्या.