रावसारांचा रविवारचा पाहुणा

तंजावूरला बदली होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी मेसमध्ये मी मुगाच्या खिचडीसारख्या पोंगलचा पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या एका सडपातळ म्हाताऱ्यानं चक्क मराठीत विचारलं, "हे कशास निवडलेत?"

सांगलीपासून इतक्या लांब मराठी ऐकून मी चटकन मान वर केली. मी म्हटलं, "आवडतं म्हणून."

"सगळे असंच सांगतात," म्हाताऱ्यानं उसासा टाकला आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं.

हे रघुनाथराव. घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि चाल मात्र तमिळ. 'मला'ला ते 'मज' म्हणत आणि वाक्य संपताना असा हेल काढत, की प्रत्येक वाक्य प्रश्न वाटे. गल्लीतले लोक त्यांना 'रावसार' म्हणत. माझी खोली त्यांच्या शेजारच्याच घरात होती, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

आठवडाभरानं मेसमध्ये ते पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. "आठ दिवस पाहिलं, बाई. तुम्ही पोंगल आवडतो म्हणून खात नाही. तो तयार असतो, चटकन येतो, आणि तुम्हास ऑफिसास उशीर झालेला असतो. परवा सुट्टीच्या दिवशी दोसा मागवलात की नाही?"

मागवला होता. मला राग आला, आणि त्याहून जास्त राग ते बरोबर निघाल्याचा आला.

रावसारांची सगळी नोकरी लोकांच्या आहाराच्या पाहणीत गेली होती. सायकलवरून गावोगाव हिंडायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, काल सकाळपासून काय काय खाल्लंत? छापील तक्त्यात दोनच रकाने: काय आणि किती. एकदा तिरुवैयारुजवळच्या एका खेड्यात एका बाईनं रोज वांगंच लिहायला लावलं. सासऱ्यांना आवडायचं, मग नवऱ्याला, आता मुलाला. रावसारांनी सहज विचारलं, तुम्हास काय आवडतं? तिनं टोपलीतलं एक वांगं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "खाऊन बघावं लागेल."

"तेव्हा मज कळलं," रावसार सांगत, "तक्त्यात तिसरा रकानाच नव्हता: 'कशास?'"

निवृत्त झाल्यावर त्यांनी तो तिसरा रकाना स्वतःच्या वहीत आखला. 'जीभ सर्वांत शेवटी मत देते' हा त्यांचा सिद्धान्त. तिच्याआधी शेजारी कोण बसलंय, काय समोर दिसतंय, आई काय करायची, डॉक्टर काय म्हणाला, हे सगळे मत देऊन मोकळे होतात. तो सिद्ध करण्यासाठी ते कुठल्याही थराला जात. जेवण घरपोच करणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली अडवून "कोणी मागवलं? घरात किती माणसं?" असं विचारत. भाजीबाजारात अनोळखी बायकांच्या मागे चार-चार गाळे चालत. एकदा एका बाईनं छत्री उगारली. रावसारांनी तिचं नाव विचारून घेतलं आणि वहीत नोंदलं: कारली घेतली, रागात.

पण खरा गोंधळ मेसमध्ये झाला. तिथला वाढपी पदार्थांची यादी तोंडपाठ म्हणतो, सुरुवातीला इडली आणि शेवटी उत्तप्पम. रावसारांनी त्याला एक सकाळ ती यादी उलटी म्हणायला लावली. अर्ध्या तासात सगळ्या टेबलांवरून उत्तप्पम, उत्तप्पम अशा हाका सुरू झाल्या. आत तवा एकच. मालक बाहेर आला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि तमिळमध्ये म्हणाला, "रावसार, संशोधन करा, पण दुसऱ्याच्या हॉटेलात करा."

रावसार खूश होते. "पाहिलंत? ऐकण्यात आधी आलं, म्हणून पोटात आलं."

एका शुक्रवारी त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. चेहरा गंभीर. "रविवारी मजबरोबर पापनाशमला येता? तुमची मदत पाहिजे. अट एकच, सकाळपासून काही खायचं नाही."

मी कुतूहलापोटी हो म्हटलं. हे कशास, हे त्यांनी गाडीत सांगितलं. पापनाशमला त्यांची थोरली बहीण राहते, अक्का. मागच्या वर्षी तिचे यजमान गेले आणि तिचं जेवण सुटलं. फोनवर रोज एकच उत्तर, भूक नाही. रावसारांनी सगळं ज्ञान पणाला लावलं. ताट लहान करून पाहिलं, पानावर वाढून पाहिलं, आईच्या हातच्या पदार्थांची यादी करून पाहिली. काही चालेना. मग एका रविवारी पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस जेवायला थांबला आणि भरपूर जेवला. त्या दिवशी अक्कानंही भात दोनदा घेतला.

"तेव्हापासून दर रविवारी एक भुकेला माणूस नेतो," रावसार म्हणाले. "पोस्टमन झाला, इलेक्ट्रिशियन झाला. आज तुम्ही."

"मीच का?"

"तुम्ही जेवताना बोलत नाही. पाहणाऱ्यास भूक लागते."

एवढी चमत्कारिक स्तुती माझी आजवर कोणी केलेली नाही.

अक्का ताठ बसणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. स्वयंपाक सगळा त्यांनीच केलेला: वांग्याची आंबट रसवांगी, दह्यात कालवलेली उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, वाफाळता भात. आमची पानं वाढून झाल्यावर त्यांनी आपल्या पानावर चमचाभर भात घेतला. "मज भूक नाही. तुम्ही जेवा."

मी खरोखरच भुकेली होते. पहिला भात केव्हा संपला, कळलं नाही. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग हळूच स्वतःला थोडा वाढून घेतला. पुन्हा थोडा. रावसारांची नजर बहिणीच्या पानावरून हलेना. तिनं रसवांगी घेतली, की तेही घेत. तिनं भात घेतला, की तेही. ते काय खातायत याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तीनदा भात झाला त्यांचा.

जेवण आटोपल्यावर ते बाहेर झोपाळ्यावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. मी भांडी आत नेली. कट्ट्यावर इडलीपात्र होतं, नुकतंच विसळलेलं.

"सकाळी चार खाल्ल्या मी," अक्का म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मज रोज भूक लागते, बाई. आमचे गेले तेव्हा महिनाभर अन्न गेलं नाही, हे खरं. मग जायला लागलं." त्यांनी झोपाळ्याच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरात गॅस पेटवत नाही. मेसमध्ये जातो तो लोकांची पानं पाहायला. त्यास कधी जेवताना पाहिलंत?"

मी आठवून पाहिलं. कितीतरी दिवस सकाळी त्यांच्यासमोर बसले होते मी. वही आठवत होती, पेन आठवत होतं, कॉफीचा पितळी पेला आठवत होता. ताट आठवेना.

"जेव म्हटलं की चिडतो. पोरगा आहे का मी, म्हणतो. मी जेवत नाही म्हटलं, की धावत येतो. तो माझं पान पाहतो, मी त्याचं." त्या हसल्या. "त्यास सांगू नका हं."

"नाही सांगणार."

"एक रविवार पुरत नाही पण. फार वाळलाय. आता बुधवारीही माझी भूक जाणार आहे."

मंगळवारी संध्याकाळी रावसार माझ्या दारात उभे. डोळ्यांत काळजी, हातात वही, पण ती उघडलेली नव्हती. "अक्काचा फोन आला. आता आठवड्याच्या मधेही घास उतरत नाही म्हणते. मज काही सुचत नाही, बाई. उद्या भुकेलं माणूस कुठून आणू?"

मी साहेबांना फोन करून दुसऱ्या दिवशीची रजा सांगितली, आणि सकाळी चहासुद्धा न घेता स्टेशनावर जाऊन उभी राहिले.