काटा आपल्याच बाजूला झुकतो

शेजारच्या शमुवेलकाकांनी आमच्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत पापी म्हटलं. तेही हसतमुखानं, हात जोडून, आणि सासूबाईंनीच केलेली साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेताना. "माई, तुम्ही पापी, मी तुमच्याहून पापी, कूट मात्र फर्स्टक्लास पडलंय," असं एका दमात म्हणाले.

आता आमच्या सासूबाई म्हणजे काही साधं प्रकरण नाही. एकादशी, सोमवार, चातुर्मास, आणि गुडघे कुरकुरत असताना आमच्या देवासची टेकडी चढून देवीचं दर्शन. त्यांनी पळी खाली ठेवली आणि विचारलं, मी चार महिने कांदासुद्धा खात नाही, मी कशी पापी? काका म्हणाले, "खात नाही, हे उत्तमच. पण समोरची खाते, हे आज किती जणींना सांगितलंत?" यावर सासूबाईंनी खिचडीचं भांडं उचललं आणि आत नेलं. पुढचा आठवडाभर आमच्या घरात काकांचं नाव काढायची सोय नव्हती.

काका नापतौल इन्स्पेक्टर होते. नापतौल म्हणजे वजनमापं. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांच्या तोंडात हिंदी शब्द आधी येतो, तेवढं चालवून घ्या. काकांचं रणपिसे घराणं मूळचं धारचं, तीन-चार पिढ्या ख्रिस्ती, आणि मराठी असं जुन्या वळणाचं की आमच्या मुलीला ते परदेशी वाटायचं. ती एकदा खेळून आली आणि म्हणाली, "मम्मी, अंकल ने मुझे भी पापी बोला. बहुत प्यार से."

मी तणतणत गेले. म्हटलं काका, आठ वर्षांची पोर आहे, तिनं काय केलंय? काका शांतपणे म्हणाले, काही केलंच पाहिजे असं नाही. नवा कोरा काटा घेतला तरी तो आपोआप झुकायला लागतो, ही त्याची प्रकृती. मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि त्यांचा सगळा धर्म समजावून सांगितला. जन्मभर त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासले. चुकलेले काटे पोतंभर पाहिले. पण एकसुद्धा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूनं चुकलेला सापडला नाही. "झुकतो तो मालकाकडेच, सूनबाई. माणसाचं अगदी तसंच आहे. चोरी केली म्हणून माणूस पापी होत नाही. आतूनच झुकलेला असतो, म्हणून चोरी करतो."

मी विचारलं, मग हे कळून उपयोग काय? उगाच जिवाला घोर. तर म्हणाले, उपयोग असा, की ज्याला आपला काटा बरोबर वाटतो तो तपासून सरकारी मोहोर लावून घ्यायला कधी येतच नाही. म्हणून तर ते दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचे आणि परत आल्यावर, कुठे गेला होता विचारलं की सांगायचे, "मोहोर लावून आलो. शनिवारपर्यंत टिकली तर नशीब."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. खिशात पितळेचं एक लहानसं वजन कायम असायचं. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवायचं, चष्मा वर करून बघायचं आणि अगदी मायेनं म्हणायचं, "भिया, तुझा थोडा झुकतोय. माझाही झुकतो. दोघंही जरा बघू या." भाजीवाला बिचारा घाबरून वर कोथिंबीर द्यायचा. ती लाच झाली म्हणून काका परत करायचे. ती मी घ्यायचे.

स्वतःची पापं सांगायला त्यांना अजिबात लाज नव्हती. आम्ही जेवायला बसलो की दारात उभे. "सूनबाई, आज तुमच्या पेपरातलं कोडं मी आधी सोडवलं. वर दोन शब्द चुकले, ते खोडले नाहीत." आता यावर माणसानं काय बोलावं? मी म्हणायचे, क्षमा केली, आमटी घ्या. आमटीला ते कधी नाही म्हणाले नाहीत. काकू गेल्यापासून त्यांच्या घरी एकट्यापुरती आमटी होत नव्हती, खिचडीच टाकायचे.

सासूबाईंचा राग मात्र एका जास्वंदीनं घालवला. गोष्ट अशी की सासूबाई पहाटे पूजेची फुलं आणायला जायच्या, आणि ती फुलं काकांच्या कुंपणातली असायची. न विचारता घेतलेली. फांदी उंच, म्हणून पायाखाली आमचा पाट. एक दिवस त्या पाट तसाच घेऊन परत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. काकांनी ती फांदी सुतळीनं खाली ओढून कुंपणाला बांधून ठेवली होती. हात सहज पोचेल इतकी खाली. कुणाला एक अक्षर बोलले नव्हते. "मेल्याला सगळं ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून खिचडी पुन्हा सुरू झाली. कुणी काकांना वेडा म्हटलं की त्याच फणकारायच्या.

एवढा मोठा पापांचा जाणकार, पण एका ठिकाणी त्याची गाडी अडली होती. काकांचे थोरले भाऊ दावीददादा धारला. तलावाजवळच्या गल्लीत त्यांचं किराण्याचं दुकान. काका नोकरीत नवे असताना त्याच दुकानावर त्यांनी धाड घातली. बुडाचं शिसं काढून हलकं केलेलं एक वजन सापडलं, आणि सख्ख्या भावाचं दंडाचं चालान फाडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. काका दर नाताळला केक घेऊन धारला जायचे आणि संध्याकाळी तोच केक घेऊन परत यायचे. दुसऱ्या दिवशी तो गल्लीत वाटायचे. सासूबाईंची बरीच वर्षं अशी समजूत होती की त्यांच्यात ही रीतच असेल. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, तसे ते केकला धार दाखवून आणत असतील. खरं कळलं तेव्हा त्यांना तो केक गिळवेना.

गेल्या नाताळात मी माहेरी धारला निघाले होते. सासूबाईंनी मला दारातच बजावलं, "रणपिश्यांना घेऊन जा. केक परत आला तर तू पण येऊ नकोस."

इंदूरला बस बदलून धारला उतरलो आणि काकांची टाळाटाळ सुरू झाली. आधी चहा. मग शेंगदाणेवाल्याचा काटा. मग पुन्हा चहा. मग त्यांना अचानक किल्ला बघावासा वाटू लागला, जो त्यांनी लहानपणापासून बघितलेला होता. शेवटी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तिथे ते थांबले आणि म्हणाले, "चला परत. मी दरवर्षी इथपर्यंतच येतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आख्ख्या देवासला पापी म्हणत हिंडता आणि सख्ख्या भावापुढे तोंड उघडवत नाही? काका खाली बघत म्हणाले, "वजन खोटं होतं, सूनबाई. ते मला आधीच माहीत होतं. मी रोज त्याच्याकडेच जेवायचो. जेवताना सांगितलं असतं तर त्यानं ते तेव्हाच फेकून दिलं असतं. मी सांगितलं नाही. मला पकडायचं होतं. सगळ्या बाजारानं बघावं, असं वाटत होतं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला स्वतःच्याच जिभेचा राग आला. मी त्यांचा हात धरला आणि चालायला लागले.

दादा गल्ल्यावर मफलर गुंडाळून बसले होते. काकांना बघून उठले नाहीत. काकांनी केक फळीवर ठेवला आणि जे मला कोपऱ्यावर सांगितलं होतं तेच, तितक्याच बारीक आवाजात, भावाला सांगितलं. जेवायचो, माहीत होतं, पकडायचं होतं. मला क्षमा कर म्हणाले.

"एकच सापडलं तुला," दादा म्हणाले. "खोटी तीन होती."

"बाकीची दोन मी पिठात खुपसली होती, भाऊजी," आतून आवाज आला. पदराला हात पुशीत वहिनी बाहेर आल्या. "तुम्ही चालान लिहीत होता, तेव्हा मी त्याच पिठाचे बाफले वळत होते."

काकांनी आ वासला. मग त्यांना हसू फुटलं, दादांना फुटलं, आणि दोघं म्हातारे फळीला धरून खोकेपर्यंत हसले. हसता हसता काका कधी रडायला लागले ते मला कळलंच नाही. मी दुसरीकडे बघितलं. गल्लीतली दोन-तीन ख्रिस्ती घरं रंगीत ताऱ्यांनी सजली होती, माणसं नवे कपडे घालून भेटीला निघाली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी भोचकपणे वहिनींना विचारलंच, आज सणाच्या दिवशी तुमचं दुकान उघडं कसं?

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. "दर नाताळला उघडतात," त्या म्हणाल्या. "काही विकत नाहीत. दिवसभर त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसतात."

दादांनी मफलर सारखा केला. "तू दिसायचास," ते भावाला म्हणाले. "दरवर्षी. केक घेऊन उभा. मी हाक मारली नाही."