न विकलेला तोटा

वर्षअखेर जवळ आली की बँकेच्या अध्यक्षांना नफ्याची आठवण यायची, आणि नफ्याची आठवण आली की रोखेसाहेबांची. कर्जरोख्यांची खरेदी-विक्री पाहणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

"यंदा नफा दाखवायचा कुठून हो?"

"सोपं आहे, साहेब. भाव चढलेत ते रोखे विकायचे."

"आणि पडलेत ते?"

"त्यांना हात लावायचा नाही. मुदत संपेपर्यंत ठेवणार, असं लिहून टाकायचं. न विकलेला तोटा दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीच की!" अध्यक्ष खूश झाले. गेली काही वर्षं हाच खेळ चालला होता. चांगलं व्याज देणारे रोखे एकेक करून गेले होते आणि तिजोरीत नुसती झाकली मूठ उरली होती. तरी बढतीचं आश्वासन घेऊन रोखेसाहेब तरंगतच घरी आले.

घरी बायको पिशव्या घेऊन निघालीच होती. "सोमवारपासून माझा शिवणाचा क्लास आहे. बायकांनी फीसुद्धा भरलीय. मागची खोली अडगळीनं भरलीय, तेवढी रिकामी करून घ्या. मी कापड घेऊन येते."

"निर्धास्त जा. विकणं हे माझंच खातं."

रोखेसाहेबांनी बोलावलेल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं आधी ट्रेडमिल पाहिली. तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले होते. त्यानं सांगितलेला भाव ऐकून रोखेसाहेब उडालेच.

"अहो, मी किती दिलेत माहितीये?"

"तुम्ही दिलेत ना? मी नाही दिले."

"मग राहू दे. तोट्यात विकत नसतो मी." पहिल्याच आठवड्यात बंद पडलेली मालिशची खुर्चीही याच तत्त्वावर वाचली.

मग व्यापाऱ्याची नजर कोपऱ्यातल्या जुन्या लोखंडी शिलाई मशीनवर गेली. बायकोनं ते कधीकाळी शेजारणीकडून कवडीमोलानं घेतलं होतं. "हॉटेलवाले शोभेला मागतात," म्हणत त्यानं चौपट भाव सांगितला. शेजारच्या कापड बेतायच्या टेबलालाही दुप्पट. रोखेसाहेबांनी दोन्ही हसत हसत विकलं.

बायको परतली तेव्हा खोलीत ट्रेडमिल होती, खुर्ची होती आणि हातात नोटा घेतलेला नवरा होता. "निव्वळ नफा!" तो म्हणाला.

"आणि क्लास घेऊ कशावर? ट्रेडमिलवर?" तिनं पिशव्या खाली टाकल्या. मग तिनं डोळे पुसले आणि दाराकडे बोट दाखवलं.

रविवारी रोखेसाहेब मशीन परत आणायला व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. "आता भाव वाढलाय, साहेब," व्यापारी म्हणाला. मशीन आणि टेबल परत घ्यायला कालच्या नोटा पुरेनात. शेवटी ट्रेडमिल आणि खुर्ची त्यालाच भंगाराच्या भावात द्यावी लागली. टेम्पोतून मशीन उतरवत असतानाच अध्यक्षांचा फोन आला.

"अहो, ठेवीदार पैसे मागायला लागलेत! उद्या पडलेले रोखे विकावे लागणार. तोटा दिसेल का हो?"

"दिसेल, साहेब," रोखेसाहेब घाम पुसत म्हणाले. बढती गेली हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मशीन जागेवर बसलं. रिकाम्या, प्रशस्त खोलीत बायकोनं समाधानानं नजर फिरवली. रोखेसाहेब पडेल आवाजात म्हणाले, "बरं झालं. तोट्यातलं सगळं एकदाचं गेलं."

"सगळं कुठे? लग्नात घेतलेलं एक आहे अजून," मशीनमध्ये दोरा ओवत बायको म्हणाली. "पण घाबरू नका. ते मी मुदत संपेपर्यंत ठेवणार आहे."