पापडांचं सोडियम

पवित्रानं लाटलेले उडदाचे पापड बघून तिच्या सासूला, मल्लव्वाला, घामच फुटला. पहिला ताटाएवढा, दुसरा बशीएवढा, असं करत शेवटचा वाटीएवढा. मल्लव्वाचे पापड म्हणजे गल्लीत साच्यातून काढल्यासारखे, आणि एम.एस्सी. झालेल्या सुनेनं हे ध्यान गच्चीवर उघड्यावर वाळत घातलेलं! त्यात शेजारची अंबूबाई जिना चढत होती. मल्लव्वानं वाटी घेतली आणि अंबूबाई वर पोचायच्या आत सगळे पापड कापून एका मापाचे केले.

पवित्रा आंघोळ करून वर आली ती ओरडतच.

"आत्ती! माझं सोडियम कुठं हाय?"

"कोण?"

"त्यो मोठा पापड! सोडियम मोठं, क्लोरीन बारीक. मूलद्रव्यांच्या तक्त्यात एका ओळीत अणू कसा लहान होत जातोय ते दाखवायचं होतं. दुपारी वारणानगरात मुलाखत हाय, वर्ग घ्यायचाय!"

"मग आधी सांगायचं की! मला वाटलं, तुला लाटायलाच येत न्हाय."

पोरगी तीन वर्षं नोकरीसाठी वणवण करत होती, हे मल्लव्वाला ठाऊक होतं. पण चूक कबूल करायची सवय नव्हती. तिनं पोळपाट ओढला, उतरत्या मापाचे सात पापड लाटले, डब्यात भरले, आणि "मीच धरती, तू सांडशील" म्हणत एसटीत डबा मांडीवर घेऊन बसली.

वर्गात पवित्रानं डबा उघडला. वाटेत गचके खाऊन ओल्या पापडांचा एकच गोळा झाला होता. समोर पोरं, मागच्या बाकावर मुलाखत घेणारे तीन सर, आणि त्यांच्या शेजारी, कुणी न बोलावता, मल्लव्वा.

"हे काय आहे, मॅडम?" एका सरांनी विचारलं.

पवित्रानं गोळा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे अणूचं केंद्रक. घरातली सासू समजा." पोरं खुदखुदली. "इलेक्ट्रॉन म्हणजे सुना. सोडियमकडून क्लोरीनकडे जाताना बाहेरचा मजला तोच राहतो, पण सासूचा जोर वाढत जातो. सुना आत ओढल्या जातात, घर आकसतं. तक्त्यात एक ओळ खाली उतरलं, की घरावर नवा मजला चढतो. तिथं सासूची पकड ढिली. सोडियमच्या वरच्या मजल्यावर तर एकटीच सून असते. ती पटकन निसटते."

"म्हणून तर आमच्यात मजला चढवू दिला न्हाय!" मल्लव्वा मागून गरजली.

सरांनाही हसू आवरेना. तासाभरानं त्यांनी पवित्राला निवड झाल्याचं सांगितलं.

परतीच्या एसटीत मल्लव्वानं रिकामा डबा मांडीवर आपटला.

"चारचौघांत सासूची चेष्टा केलीस व्हय?"

"केंद्रक म्हणलं, आत्ती. सगळं तुमच्याभवतीच फिरतंय."

हे तिला पटलं. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "ती निसटल्याली सून... जाती कुठं?"

"क्लोरीनच्या घरात. त्यांच्यात एकच कमी असती."

"आणि नांदती?"

"नांदती की. दोघांचं मिळून मीठ हुतंय."

"मीठ?" मल्लव्वानं विचार केला, पदर सारखा केला आणि निवांत डोळे मिटले. "मग ऱ्हाऊ दे तिला तितंच."