सासऱ्यांचं नाव आणि बंद फाटक

"आजपासून या घरात एकच पासवर्ड! फाटक, बॉयलर, दिवे, न्हाणीघर, सगळ्यांना मिळून एक!"

बाल्झियाने हे जाहीर केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की अल्माटीतला सगळा बर्फ वितळवायचा ठेका जणू तिनेच घेतला होता.

तिला घाई होती तीही उगाच नव्हे. संध्याकाळी नणंदेची सोयरीक पक्की करायला मुलाचे आईवडील येणार होते. मागच्या स्थळाच्या वेळी सासूबाई फाटकाशी उभं राहून पासवर्ड आठवत बसल्या आणि पाहुणे शिंकत शिंकत परत गेले. हे स्थळ गेलं तर नणंद उभ्या जन्मात भावजयीशी बोलणार नव्हती!

घराची सूत्रं हलवणारा छोटा संगणक नवऱ्याने स्वतःच कपाटात बसवला होता. बाहेरच्या कंपनीचा हात त्याला नको होता. आता तो तेलविहिरीवर कामाला गेला होता, आणि तिथे फोन लागत नव्हता. मग बाल्झियाने त्या संगणकावर एक नवा द्वारपाल नेमला. माणसाची ओळख त्याने एकदाच पटवायची आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला कळवायची. यालाच सिंगल साइन-ऑन म्हणतात, असं तिने आपांना, म्हणजे सासूबाईंना, तीनदा सांगितलं.

"म्हणजे मला काही लक्षात ठेवायला नको?"

"काही नको, आपा!"

"मग लाव बाई, लवकर लाव!"

तिने द्वारपालाकडे घरच्यांची नावं भरली. आता कझाख सून सासरच्या माणसांचं नाव घेते होय? सासऱ्यांना ती पहिल्या दिवसापासून 'थोरले' म्हणायची, नणंदेला 'लाडकी'. तेच भरलं. जुने पासवर्ड झोकात बंद केले.

द्वारपालाने कपाटातल्या संगणकाला वर्दी दिली, थोरले आले आहेत. संगणक म्हणाला, कोण थोरले? त्याला नवऱ्याने भरलेली खरीखुरी नावंच ठाऊक होती. त्याने घरात चोर शिरल्यासारखी सगळी कुलुपं लावून घेतली!

बॉयलर थंड. फाटक बंद. आणि अंगणातल्या, लाकडांवर तापलेल्या वाफेच्या न्हाणीघरात खुद्द सासरे अडकलेले!

"अरे, कोण आहे तिकडे? दार उघडा! माझं उकडलेल्या मटणाचं बेशबरमाक होतंय इथे!"

तेवढ्यात फाटकावर थाप पडली. पाहुणे आले!

पडद्यावर एकच चौकट उरली होती : 'संकटकाळी मालकाने स्वतःचं पूर्ण नाव आणि पासवर्ड लिहावा.' पासवर्ड बाल्झियाकडे होता. पण मालक म्हणजे सासरे. त्यांचं नाव?

"आपा, तुम्ही लिहा ना."

"मी? त्यांना 'अहो, ऐकता का' यापलीकडे कधी हाक मारली नाही मी! तूच लिही. तोंडाने कुठे घ्यायचंय?"

"पण बोट सुनेचंच ना, आपा!"

"मग मी कोण आहे? मीही सूनच या घरची! माझ्या सासूबाई वरून बघताहेत!"

"लाडकीला विचारू?"

"ती केस करायला गेलीय! आणि फोन उचलेल तर शपथ!"

बाहेरून आवाज आला, "अहो, आमच्या मिशांना बर्फ लोंबायला लागलाय! सोयरीक करायची आहे की नाही?"

बाल्झियाच्या डोळ्यांपुढे नणंदेचा रडवेला चेहरा आला आणि डोक्यात वीज चमकली. व्याह्यांना व्याह्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी! ती अंगणात धावली.

"काका! फाटकावरची चौकोनी खूण फोनने टिपा, म्हणजे तुमच्या फोनात चौकट उघडेल! आणि आमच्या घरच्या मालकांचं पूर्ण नाव लिहा!"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे हो! पण मी सून आहे!"

फाटकापलीकडे व्याह्यांनी खिशातून फोन काढला. मग विहीणबाईंचा आवाज, "अगंबाई, आजच्या काळात अशी सून! लिहा हो लवकर!"

बाल्झियाने पासवर्ड अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. तोक्तार व्याह्यांनी गारठलेल्या बोटाने नाव लिहिलं, आणि घर एकदम जागं झालं! फाटक उघडलं, दिवे लागले, बॉयलर गुरगुरला. न्हाणीघरातून बिटासारखे लाल झालेले सासरे पंचा सावरत सुटले ते थेट व्याह्यांच्या मिठीत!

"सापरगाली!" व्याह्यांनी थेट नावानेच हाक मारली. "असं स्वागत मी आजवर पाहिलं नाही!"

"मी तरी कुठे पाहिलंय!"

हसता हसता सगळे आत गेले. तासाभराने नणंद आली. विहीणबाईंनी तिच्या कानांत डूल घातले. सोयरीक पक्की!

पण दुसऱ्या दिवशी सकाळी घर पुन्हा गार पडलं. बाल्झियाने पाहिलं तर संगणकाच्या लेखी घराचे मालक आता तोक्तार व्याह्यांच्या फोनात राहत होते, आणि रात्री घरी झोपण्यापूर्वी व्याह्यांनी फोनात बॉयलरची बटणं दाबून पाहिली होती.

"काढून टाक त्यांना!" सासरे कुडकुडत म्हणाले.

"व्याह्यांना घराबाहेर काढायचं?" सासूबाई कडाडल्या. "कालच डूल घातले पोरीला! लोक तोंडात शेण घालतील!"

तेव्हापासून सासरे रोज सकाळी अंगावर रजई ओढून शहराच्या दुसऱ्या टोकाला फोन लावतात.

"व्याहीबुवा, जरा ऊब वाढवता का?"

"कशाला?" पलीकडून उत्तर येतं. "मला तर उकडतंय!"